सुनेचा आळस की गळ्यातील ग्रंथी?

लग्नाला चार वर्षे झालेली सून सकाळी उठते ती मुळी दमलेलीच. अंग जड झालेले असते, तोंडावर सूज असते, भांड्यांच्या थंड पाण्यात हात घालवत नाही. भर वैशाखात सारे घर पंख्याखाली झोपते आणि ही मात्र अंगावर चादर ओढते. दुपारी जरा टेकली की डोळा लागतो. सासू म्हणते, "माहेरी लाडावलेली आहे." नणंद म्हणते, "बसून खाल्ल्यावर अंग सुटणारच." शेजारणी पाळणा का हलला नाही याची चौकशी करतात. नवरा तोंडाने काही बोलत नाही, परंतु त्याचे मन उडत चाललेले सर्वांना दिसते. आणि ती स्वतः? रोज ऐकून ऐकून तिचाही विश्वास बसलेला असतो की आपण आळशीच आहोत.

वाचक बंधुभगिनींनो, अशी घरे आम्ही पाहिली आहेत आणि तुम्हीही पाहिली असतील. त्या प्रत्येक घरात कारण एकच असते असे आम्ही म्हणणार नाही. अंगात रक्त कमी असले, पोटभर अन्न नसले, मनाला सुख नसले तरी बाई अशीच मलूल होते. परंतु यांतल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत दोष स्वभावाचा नसून गळ्यातील एका ग्रंथीचा असतो. रक्ताच्या एका तपासणीने तो कळतो आणि चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडणाऱ्या रोजच्या गोळीने तो आटोक्यात राहतो. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मुलीला माहेरी धाडण्यापर्यंत पाळी येते, म्हणून हा विषय या पानावर सविस्तर मांडीत आहोत.

मुकादम आणि कामगार

या ग्रंथीचे नाव थायरॉइड. शास्त्रीय मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात, परंतु दवाखान्यात तो शब्द कोणी वापरीत नाही, म्हणून आम्हीही थायरॉइडच म्हणू. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून ती बसलेली असते. वजन साधारण २० ग्रॅम. आपण खाल्लेल्या अन्नातील आयोडीन वेचून घेऊन ती दोन संप्रेरके तयार करते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, ते टी-४ किंवा थायरॉक्सिन. दुसऱ्यात तीन असतात, ते टी-३. ग्रंथीतून बाहेर पडते ते बहुतेक टी-४ असते. शरीर गरजेप्रमाणे त्यातील एक अणू काढून टी-३ बनवते आणि खरे काम हे टी-३ करते.

काम कोणते, तर शरीराची शेगडी किती मोठी ठेवायची ते ठरवण्याचे. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातील ऊब, कातडी व केस, मासिक पाळी, मेंदूची चपळाई, लहान मुलांची वाढ या सर्वांवर त्या शेगडीचा परिणाम होतो. म्हणूनच ही ग्रंथी बिघडली की तक्रारी गळ्यात न येता अंगभर येतात आणि माणूस एकदा पोटाच्या डॉक्टरकडे, एकदा केसांच्या, एकदा हृदयाच्या डॉक्टरकडे फिरत राहतो.

थायरॉइड आपल्या मर्जीने चालत नाही. तिच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीची देखरेख असते. ही झाली मुकादम. मुकादमाने दिलेली हाक म्हणजे टीएसएच. कामगाराचे काम सुस्तावले की मुकादमाचा आवाज चढतो. कामगार गरजेहून जास्त माल काढू लागला की मुकादम गप्प बसतो. गिरणीत किंवा गोदीत काम केलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. परंतु हे न समजल्यामुळे केवढा घोटाळा होतो पाहा. अहवालात टीएसएच वाढलेला दिसला की घरी येऊन सांगतात, "थायरॉइड वाढला." खरे तर वाढली आहे ती मुकादमाची ओरड, म्हणजे थायरॉइड कमी पडत आहे. उलट टीएसएच अगदी शून्याजवळ गेला असेल तर बहुधा थायरॉइड बेफाम सुटलेला असतो. "मला थायरॉइड आहे" असेही पुष्कळ जण म्हणतात. थायरॉइड सर्वांनाच आहे! तो कमी पडतो की जास्त होतो, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण दोन्हींचे औषध अगदी उलट आहे. शेजारणीची गोळी आपण घेणे किती धोक्याचे, हे यावरून कळेल.

टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास धरतात. प्रत्येक प्रयोगशाळेचे आकडे थोडे वेगळे असतात. आकडा थोडासाच वर गेला असेल आणि त्रास काही नसेल तर डॉक्टर लगेच गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. यात हयगय नसते. पुष्कळदा तो आकडा आपोआप खाली येतो.

कमी पडतो तेव्हा

थायरॉइड कमी पडण्याची लक्षणे इतकी हळू येतात की घरच्यांना कळतच नाहीत. थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, कोरडी खरखरीत कातडी, केस गळणे, आवाज घोगरा होणे, सकाळी पापण्या सुजणे, विसरभोळेपणा, मन उदास राहणे. पाळीत अतिशय रक्त जाते किंवा पाळीचा मेळच राहत नाही. दिवस राहत नाहीत, राहिले तर टिकत नाहीत. नाडी संथ चालते. वजन वाढते, परंतु ते थोडे किलोच. तीस-चाळीस किलो वाढलेल्या वजनाचे खापर थायरॉइडवर फोडता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

पुरुषांना हा विकार होत नाही असे नाही. परंतु स्त्रियांमध्ये तो कितीतरी पटीने अधिक आहे. मुंबई, गोवा, दिल्ली, चेन्नईसह देशातील ८ शहरांत ५ हजारांवर प्रौढ माणसे तपासून एक पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत थायरॉइड कमी पडणाऱ्यांचे प्रमाण १०.९५ टक्के निघाले. म्हणजे नऊ-दहा माणसांमागे एक. त्याहून लक्ष देण्याजोगा आकडा दुसराच आहे. ३.४७ टक्के लोकांना आपल्याला हा विकार आहे याचा पत्ताच नव्हता. पाहणीवाल्यांनी रक्त घेतले तेव्हा तो कळला. शहरांत ही गत, तर जिथे साधी प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी आहे तिथल्या भगिनींचे काय होत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

हा विकार होतो कशाने? पूर्वी पहिले उत्तर आयोडीनचा अभाव हेच होते. पुराने व पावसाने धुपलेल्या जमिनीत आयोडीन राहत नाही, मग ते पिकात येत नाही, पाण्यात येत नाही. ग्रंथी बिचारी अधिकाधिक आयोडीन धरण्यासाठी फुगत जाते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो. हिमालयाच्या पायथ्याचा सारा पट्टा यासाठी कुप्रसिद्ध होता. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात (हे खोरे त्या वेळी पंजाबात होते, आज हिमाचल प्रदेशात आहे) एक मोठा प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे त्यांनी तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन मिसळलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. पाच-सहा वर्षांनी पाहिले तर आयोडीनच्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली आले होते. साध्या मिठाच्या विभागात ते होते तिथेच होते. मग तिथेही आयोडीनचे मीठ सुरू करण्यात आले. याच अनुभवावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला.

माणसाला आयोडीन लागते तरी किती? प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचे सारे मिळून चार ग्रॅमसुद्धा भरत नाही! एवढ्याशा वस्तूवाचून पिढ्यान्‌पिढ्या खोरीच्या खोरी मंदबुद्धी मुले पाहत आली. २००६ सालापासून खाण्यासाठी साधे मीठ विकायला देशभर बंदी आहे. तरी अलीकडे चांगल्या शिकलेल्या घरांतून सैंधव आणि गुलाबी मीठ खाण्याची टूम निघाली आहे. चवीला चिमूटभर घ्या, परंतु रोजच्या भाजी-आमटीत मीठ आयोडीनचेच असावे. पुडा फोडल्यावर झाकणाच्या बरणीत, कोरड्या जागी ठेवावे.

आज मात्र आपल्या शहरांत आणि बहुतेक गावांत आयोडीन मिळत असूनही थायरॉइड कमी पडतो. त्याचे मुख्य कारण निराळे आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात जे शिपाई असतात, तेच चुकून आपल्याच ग्रंथीवर तुटून पडतात आणि वर्षानुवर्षे तिला पोखरतात. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासून हे प्रथम वर्णिले, म्हणून त्यांचेच नाव त्या विकाराला पडले. हा घराण्यातून येऊ शकतो. आईला असेल तर मुलींनी तपासून घ्यावे. जास्त मीठ खाऊन हा विकार बरा होत नाही, हे सांगून ठेवतो, कारण तसा सल्ला देणारे भेटतात.

मेंढीपासून गोळीपर्यंत

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८९१ साली जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरांकडे ४६ वर्षांची एक बाई आली होती. सुजलेले तोंड, मंद बोलणे, थंडगार हातपाय. अशा रोग्यांना तेव्हा उपायच नव्हता. मरे यांनी मेंढीची थायरॉइड ग्रंथी आणून तिचा अर्क काढला आणि तो त्या बाईला कातडीखाली टोचू लागले. काही महिन्यांत ती चालू-बोलू लागली. पुढे अर्क तोंडाने घेऊनही चालतो असे आढळले. ती बाई आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ साली ७४ व्या वर्षी वारली. तोवर तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे काढले आणि १९२७ साली ते इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत बनवता आले. जे मिळवायला कळपच्या कळप लागत होता ते आज औषधाच्या दुकानात बाटलीत मिळते.

ही गोळी म्हणजे औषध म्हणण्यापेक्षा भरपाई आहे. ग्रंथीत जे बनत नाही तेच बाहेरून द्यायचे. म्हणून "कायमची सवय लागेल", "गर्मी पडेल", "एकदा सुरू केली की सुटत नाही" ही भीती निराधार आहे. सुटत नाही हे खरे, परंतु ते गोळीमुळे नव्हे. ग्रंथी पुन्हा काम करू लागत नाही म्हणून. आमच्या ओळखीतील एका भगिनीने बरे वाटू लागताच गोळी बंद केली. "आता रिपोर्ट नॉर्मल आला की!" असे तिचे म्हणणे. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल होता. सहा महिन्यांत ती पुन्हा जिथून निघाली होती तिथेच येऊन पोचली.

गोळी घ्यायची रीतही नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पैसे पाण्यात जातात. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहादेखील घेऊ नये. आपल्याकडे डोळे उघडताच चहा लागतो, त्यामुळे हे पथ्य सर्वात जड जाते! रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना घेतली तरी चालते, पण वेळ ठरलेली हवी. आणखी एक महत्त्वाचे. आपल्या पुष्कळ भगिनी रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आणि हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेतात. सोयीसाठी सगळ्या एकदम तोंडात टाकल्या तर लोह व कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच अडवून धरतात. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी दोन दिवस बंद ठेवाव्यात. त्यांनी रक्ताचा अहवालच चुकीचा येऊ शकतो.

थायरॉक्सिन शरीरात सावकाश मुरते. गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच पुन्हा पाहायचा असतो. आठ दिवसांनी तपासण्यात अर्थ नाही. याचाच दुसरा फायदा असा की एखादा दिवस गोळी विसरली तर घाबरून जाऊ नये. आठवताच घ्यावी. मात्र म्हातारी माणसे आणि हृदयविकाराचे रोगी यांना एकदम पूर्ण मात्रा देत नाहीत, अगदी थोडीपासून वाढवत नेतात. त्यांनी तर स्वतःच्या मनाने एक गोळीही वाढवू नये.

जास्त होतो तेव्हा

शेगडी भडकली की चित्र उलटे होते. भूक लागते, खाणे वाढते आणि तरी माणूस वाळत जातो. छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, उकाडा सोसत नाही, झोप उडते, शौचाला वारंवार जावे लागते, क्षुल्लक कारणावरून संताप येतो. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे, टक लावल्यासारखे दिसतात. १८३५ साली डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी या विकाराचे वर्णन केले. यातही शरीराचे शिपाईच चुकतात, परंतु इथे ते ग्रंथीला पोखरण्याऐवजी चाबूक मारून पळवतात.

रात्रभर न झोपणारी, डोळे वटारलेली, अंगाला कंप सुटलेली तरुण मुलगी पाहिली की आपल्याकडे काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. बाहेरचे झाले! गंडेदोरे सोडले म्हणणाऱ्या घरांतूनसुद्धा अशा वेळी कोणीतरी आत्याबाई लिंबू घेऊन उभी राहते. त्यात जे दोन-चार महिने जातात, तेवढ्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि उतारवयाच्या माणसाला तर त्यातून अर्धांगवायूचा झटकाही येऊ शकतो. लिंबावर होणारा खर्च रक्ताच्या तपासणीवर करावा.

उपाय तीन आहेत. पहिला गोळ्यांचा. कार्बिमाझोलसारख्या गोळ्या ग्रंथीला आवर घालतात. त्या साधारण वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात. या गोळ्यांबाबत एक इशारा प्रत्येक रोग्याने पाठ करावा. घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. क्वचितच, परंतु या गोळ्यांनी त्या पेशी एकदम कमी होतात आणि साधा ताप जिवावर बेततो. दुसरा उपाय किरणोत्सारी आयोडीनचा. नाव ऐकून लोक दचकतात. प्रत्यक्षात ते तोंडाने घ्यायचे औषध आहे. थायरॉइड आयोडीन ओढून घेते, त्याबरोबर किरणेही थेट तिथेच पोचतात आणि जादा पेशी निकामी होतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तिथे या विद्येचे उपचार कित्येक वर्षे होत आले आहेत. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हे औषध देत नाहीत, आणि घेतल्यानंतर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. यानंतर पुष्कळांची ग्रंथी कमी पडू लागते व कायमची थायरॉक्सिनची गोळी लागते. हे आधीच सांगितलेले असले म्हणजे रोगी "उपचार फसला" म्हणून हताश होत नाही. तिसरा उपाय शस्त्रक्रिया. गाठ फार मोठी असली किंवा कर्करोगाची शंका असली तर तो पत्करावा लागतो. डोळे आलेल्या रोग्याने विडी-सिगारेट त्याच दिवशी सोडावी. धुराने डोळ्यांचा विकार निश्चित बळावतो.

गळ्यावर नुसती गाठ हाताला लागली तर भिऊ नये. बहुतेक गाठी साध्या असतात. पाण्याचा घोट गिळताना ती गाठ वर सरकत असेल तर ती थायरॉइडची समजावी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

आई आणि बाळ

सर्वात मोठे नुकसान जिथे होते तो भाग आता सांगतो. पोटातील बाळाची स्वतःची थायरॉइड पहिले तीन महिने कामाला लागलेली नसते. त्या काळात त्याच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन सारे आईचे. म्हणून गोळी चालू असलेल्या स्त्रीने पाळी चुकताच डॉक्टरांना गाठावे, कारण तिची मात्रा वाढवावी लागते. इथे नेमके उलटे घडते. "पोटुशी बाईने गोळ्या खाऊ नयेत" म्हणून घरातील वडीलधारी माणसे हीच गोळी बंद करायला लावतात. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी निघाली की बाटली आणि शेवटचा अहवाल पिशवीत आधी घालावा. डिंकाचे लाडू मागाहून.

काही बाळे जन्मतःच थायरॉइडवाचून किंवा अपुऱ्या थायरॉइडची येतात. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एक असे हे प्रमाण आढळले आहे. अशा बाळाला जन्मताना काही दिसत नाही. पुढे ते फार रडत नाही, फार झोपते, दूध ओढायला कंटाळते, शी दोन-दोन दिवस होत नाही, कावीळ लवकर उतरत नाही, बेंबी पुढे येते, जीभ मोठी दिसते. आणि घरी सगळे कौतुक करतात की बाळ किती गुणी आहे, रात्री उठवतसुद्धा नाही! ते लक्षात येईपर्यंत मेंदूची जी हानी होते ती पुढे कोणत्याही गोळीने भरून येत नाही. तीच गोळी जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखेच वाढते, शाळेत जाते.

ही तपासणी बाळाच्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की ती करायची. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७०च्या दशकाच्या आरंभी ती सुरू झाली आणि पुष्कळ देशांत आज प्रत्येक बाळाची होते. आपल्याकडे सर्व प्रसूतिगृहांत ती आपोआप होत नाही, मागावी लागते. दवाखान्यातून नाव कमी करण्यापूर्वी बाळाच्या वडिलांनी किंवा आजीने डॉक्टरांना सरळ विचारावे, "टाचेच्या रक्तावर थायरॉइड पाहिला का?" पाहिला नसेल तर कुठे पाहतात ते विचारून त्याच आठवड्यात जावे.

बाळाला गोळी द्यायची ती बारीक करून, चमच्यात आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून, लगेच. बाटलीभर दुधात घालू नये. बाळाने बाटली अर्धी टाकली तर औषधही अर्धेच जाते. पहिल्या वर्षात रक्त वरचेवर तपासावे लागते, कारण बाळ वाढते तशी मात्रा बदलते. तीन वर्षांचे झाल्यावर डॉक्टर काही मुलांची गोळी महिनाभर थांबवून पाहतात. काहींची ग्रंथी तोवर सावरलेली असते आणि गोळी सुटते. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत मात्र ती एक दिवसही आपल्या मनाने थांबवायची नाही.